पंच्याण्णव टक्के पुरतील का? ओंटारिओच्या सरकारी शाळेतून अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांकडे अर्ज

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी मिसिसॉगातल्या सरकारी शाळेत अकरावीच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. सरासरी ९५. शाळेत एपी नाही, आयबी नाही (हे दोन्ही शाळेतच घेता येणारे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम). तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. वॉटर्लू आणि टोरांटोला ती अर्ज करणारच आहे, पण हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटीही डोक्यात आहेत. शाळेच्या गायडन्स काउन्सेलरने 'आम्ही अमेरिकेचं करत नाही' असं सांगितलं. न्यू जर्सीतले तुमचे दीर म्हणतात, आधी मार्क ४.० च्या जीपीएत बदलून आणा. घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजार कॅनेडियन डॉलर, पुण्यात एक फ्लॅट, आणि घरातले सगळे अजून पीआरवर, म्हणजे कॅनडाचे कायम रहिवासी, नागरिक नाहीत. तर ९५ पुरतील का?

९५ असले की अर्ज नीट वाचला जातो. पुढचं त्या आकड्यावर ठरत नाही, कारण या विद्यापीठांत शंभरातल्या चार-पाच जणांनाच जागा मिळते आणि उरलेल्यांत ९५-९७ वाली मुलं भरपूर असतात. मला तुमच्या पत्रात दोन वेगळेच प्रश्न दिसतात. बॉस्टनला किंवा प्रिन्स्टनला बसलेल्या माणसाला तुमच्या मुलीची शाळा माहीत नाही, आणि ती समजावून सांगणारं सध्या कोणी नाही, हा पहिला. उत्पन्न आणि पीआर यांमुळे अर्ज कुठे करावा याची यादीच बदलते, हा दुसरा. दोन्हींवर आत्तापासून काम करता येईल.

आधी जीपीए, म्हणजे मार्कांची अमेरिकन पद्धतीची ४ पैकी सरासरी. मार्क त्यात बदलू नका. वेस या परदेशी मार्क तपासून देणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करून आणायचीही गरज नाही. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक अमेरिकन विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, त्यात १०० चं मोजमाप निवडता येतं, आणि कॅनडाचे अर्ज वाचणाऱ्यांना ओंटारिओचे टक्के कळतात. घरी बसून केलेलं रूपांतर ट्रान्सक्रिप्टशी जुळलं नाही तर उगाच शंका निर्माण होते. वर्गातला क्रमांक विचारला असेल तिथे 'नाही' निवडायचं. ओंटारिओच्या शाळा सहसा क्रमांक देत नाहीत.

आता सगळ्यात मोठा फरक. ओंटारिओची विद्यापीठं मुख्यतः बारावीचे सहा विषय पाहतात, ४यू किंवा ४एम, म्हणजे विद्यापीठासाठी धरले जाणारे विषय. म्हणून इथे नववी-दहावी कोणी मनावर घेत नाही. अमेरिका चारही वर्षं पाहते. दहावीत इतिहासाला ८४ असतील तर ते दिसणार. त्याचं ओझं घेऊ नका, पण अकरावीचा शेवट मात्र फार महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबरच्या अर्ली फेरीत अर्ज केला तर त्या दिवशी तिच्या हातात बारावीचा एकही पक्का मार्क नसेल, मिडटर्मचे मार्क नोव्हेंबरातच येतात. म्हणजे अर्लीचा अर्ज जवळजवळ पूर्णपणे येत्या जूनच्या रिपोर्ट कार्डवर उभा राहतो. अकरावी ९५-९६ ला बंद होणार असेल तर अर्लीला अर्थ आहे. एखाद्या विषयात ८७ वर अडकली असेल आणि बारावीत ती वर येण्याची खात्री असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची रेग्युलर फेरी बरी. मिडटर्मचे मार्क त्या अर्जासोबत जातात आणि सेमिस्टरचे पक्के मार्क फेब्रुवारीत.

त्यात गणिताची एक मेख आहे. नेहमीच्या क्रमाने बारावीच्या पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅडव्हान्स्ड फंक्शन्स, म्हणजे एमएचएफ४यू, आणि दुसऱ्याला कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स, एमसीव्ही४यू. तसं केलं तर मार्चअखेर निकाल लागेपर्यंत कॅल्क्युलसचा मार्कच नसतो, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या अर्जात ती जागा रिकामी दिसते. उपाय म्हणजे एमएचएफ४यू या जुलैत समर स्कूलमध्ये आणि कॅल्क्युलस सप्टेंबरात. पण ११० तासांचा विषय तिथे साधारण चार आठवड्यांत कोंबलेला असतो. अकरावीच्या फंक्शन्समध्ये ती ९३-९४ च्या वर आणि सहज असेल तरच करा. घाईत ८६ आले तर ते वॉटर्लूलाही दिसतात. शिवाय ओंटारिओच्या ट्रान्सक्रिप्टवर अकरावी-बारावीच्या विषयांचे सगळे प्रयत्न नोंदले जातात. पुन्हा घेतलेला विषय दोन्ही मार्कांसह दिसतो, आणि मिडटर्म रिपोर्ट कार्डनंतर ५ शालेय दिवस उलटल्यावर सोडलेला विषयही उरतो. 'बघू, नाही जमलं तर सोडू' हे त्या मुदतीपर्यंतच चालतं.

शाळा समजावून सांगण्याकडे येते, कारण चांगल्या मुलांचे अर्ज इथेच फिके पडतात. कॉमन अ‍ॅपमध्ये शाळेकडून चार गोष्टी जातात: स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, काउन्सेलरचं पत्र आणि स्कूल प्रोफाइल. फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्ट, जूननंतर फायनल रिपोर्ट. सरकारी शाळेतला काउन्सेलर शेकडो मुलं सांभाळतो आणि त्यातलं कोणी अमेरिकेला अर्ज करेल असं वर्ष क्वचित येतं. 'आम्ही करत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला हे माहीत नाही आणि वेळ नाही' एवढाच असतो. भांडू नका. काम सोपं करून द्या.

स्कूल प्रोफाइल अनेक सरकारी शाळांकडे नसतं, किंवा असतं ते पालकांसाठीचं रंगीत पत्रक. मुलीने स्वतः एका पानाचा मसुदा करून काउन्सेलरला द्यावा; तपासून, शाळेच्या लेटरहेडवर पाठवणं त्यांचं काम. त्यात एवढं हवं: बारावीत किती मुलं आहेत, शाळा सेमिस्टर पद्धतीची आहे, एका वेळी ४ आणि वर्षाला ८ विषय, ४यू म्हणजे विद्यापीठात जाणाऱ्यांसाठीचा सर्वात वरचा स्तर, एपी आणि आयबी शाळेत नाहीत, क्रमांक दिला जात नाही, मागच्या काही वर्षांत मुलं कुठे गेली. चार विषयांचं वाक्य विसरू नका. अमेरिकन शाळेत वर्षभर सहा-सात विषय एकाच वेळी चालतात. वाचणाऱ्याने 'चालू विषय: ४' एवढंच पाहिलं तर त्याला वाटतं, मुलीने बारावीत हात आखडता घेतला. अर्जातल्या चालू विषयांच्या भागातही दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय लिहायचे.

'एपी नाही' हे एक वाक्य तिच्या बाजूने फार मोठं काम करतं. शाळेत जे उपलब्ध आहे त्यातलं सर्वात कठीण तिने घेतलं का, एवढंच पाहिलं जातं. जे नव्हतंच ते का घेतलं नाही, असं कोणी विचारत नाही. तरी हौस असेल तर दुसऱ्या केंद्रावरून बाहेरची परीक्षार्थी म्हणून मे महिन्यात एपीची परीक्षा देता येते, पण नोंदणी आधीच्या शरद ऋतूतच करावी लागते. यंदाची वेळ गेली. बारावीच्या मे महिन्यात दिलेल्या परीक्षेचा प्रवेशाला उपयोग नाही. तो खर्च आणि वेळ सोडून द्या.

रिपोर्ट कार्डवर प्रत्येक विषयासमोर वर्गाचा मीडियन, म्हणजे वर्गात अगदी मधोमध येणाऱ्या मुलाचा मार्क, छापलेला असतो. ट्रान्सक्रिप्टवर तो नसतो. फिजिक्समध्ये ९४, मीडियन ७१, हे वाचल्यावर ९४ ची किंमत कळते. क्रमांक नसलेल्या शाळेत मुलगी कुठे उभी आहे हे सांगणारा हा जवळपास एकमेव आकडा आहे, आणि तो काउन्सेलरच्या पत्रात यायला हवा. नववीपासूनची रिपोर्ट कार्डं काढा, चार-पाच विषयांची मार्क आणि मीडियन अशी जोडी एका कागदावर लिहा आणि काउन्सेलरला द्या.

शिक्षकांची पत्रं दोन. एमआयटीला एक गणित-विज्ञानाचं आणि एक भाषा किंवा समाजशास्त्राचं लागतं. बाकी ठिकाणीही हीच जोडी चालते. सेमिस्टर पद्धतीत शिक्षक मुलीला पाचच महिने ओळखतो आणि दुसऱ्या वर्षी नव्वद नवे चेहरे समोर असतात. म्हणून विचारायचं मे महिन्यात, सुट्टी लागण्याआधी, आणि विचारायचं मुलीने, आईने नाही. पत्र लिहिणं हा इथल्या शिक्षकाच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग नसतो, तेव्हा नकार आला तर मनाला लावून न घेता दुसऱ्याला विचारावं. हो म्हणाले तर एक पान द्यायचं: त्यांच्या वर्गात घडलेल्या तीन गोष्टी, नेमक्या. 'मेहनती आहे, मदत करते' याने पत्र बनत नाही. समजा, प्रोजेक्टाइलच्या प्रयोगात सगळ्यांचं उत्तर १२ टक्क्यांनी चुकत होतं. बाकीच्यांनी 'हवेचा अडथळा' लिहून वही मिटली. हिने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन लाँचरचा कोन पुन्हा मोजला आणि तो ३ अंशांनी कमी निघाला. शिक्षकाला ही आठवण करून दिली की पत्र आपोआप चांगलं येतं. ते पत्र आपण पाहणार नाही, या पर्यायावर तिने सही करावी. पाहण्याचा हक्क राखून ठेवला तर पत्राचं वजन घटतं.

एक क्षुल्लक वाटणारी पण नेहमी घडणारी गोष्ट: कॉमन अ‍ॅपमधून शिक्षकांना जाणारी ईमेल स्कूल बोर्डाच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडते. मुलगी समजते सर लिहीत नाहीत, सर समजतात तिने विचार बदलला. सप्टेंबरात निमंत्रण पाठवलं की दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन 'आलं का?' विचारायचं. तसंच जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काउन्सेलरला मिड-इयर रिपोर्टची आठवण. ओंटारिओच्या अर्जांना असलं काही लागत नाही, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ते नसतं.

परीक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एसएटी या अमेरिकन प्रवेशपरीक्षेबद्दलची कोविडनंतरची 'एसएटी ऐच्छिक' ही बातमी अजून फिरते आहे. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनी परीक्षेची अट परत आणली. येलने एसएटीच्या जागी एपी किंवा आयबीही चालेल असं म्हटलं, पण तुमच्याकडे ते नाहीत. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलही २०२६ च्या प्रवेशापासून मागतात. कोलंबियाने ऐच्छिक ठेवली. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं पाहतच नाहीत. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी म्हणेन, सगळीकडे द्या: शाळा अनोळखी आहे, तेव्हा वाचणाऱ्याला ओळखीचा एक आकडा मिळू दे. पहिला प्रयत्न मे किंवा जूनमध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये. टोरांटोच्या आसपासची केंद्रं लवकर भरतात, तारीख उघडली की नोंदणी करा. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांचा गणिताचा मधला पट्टा ७८० ते ८०० असतो. ७२० आले तर तयारी करून पुन्हा बसावं. ७८० आले तर तिसऱ्यांदा बसण्यात वेळ घालवू नये.

उपक्रमांच्या १० ओळी आणि प्रत्येकीत १५० अक्षरं, एवढीच जागा. तुम्ही लिहिलंय की ती मराठी शाळेत दर रविवारी लहान मुलांना शिकवते, आणि हे लिहावं का. जरूर लिहावं, पण 'मराठी भाषा व संस्कृतीचा प्रसार' असं नको. 'घरी मराठी न बोलणारी ६ ते ८ वयाची ११ मुलं. बाराखडीसाठी पत्त्यांचा खेळ बनवला. वर्षात ९ मुलं वाचू लागली', आकडे अर्थात तिचे खरे. आणि शाळेचे ४० सक्तीचे स्वयंसेवी तास हा उपक्रम म्हणून मांडू नका, ते ओंटारिओत सगळ्यांनाच करावे लागतात. वॉटर्लूच्या गणित-संगणक स्पर्धा मात्र दोन्हीकडे चालतात. नोव्हेंबरातली सीनियर मॅथ कॉन्टेस्ट, फेब्रुवारीतली कॅनेडियन कॉम्प्युटिंग कॉम्पिटिशन, आणि वसंतातली युक्लिड, जी अकरावीतही देता येते. वॉटर्लू युक्लिड पाहतं, अमेरिकेतही कॅनडाच्या फायली वाचणाऱ्यांना ती ठाऊक असते. शाळेने नाव नोंदवलंय का, उद्याच विचारा.

आता पैसा. खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा पूर्ण खर्च ९० हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास जातो. तुमची मुलगी अमेरिकेची नागरिक नाही, म्हणून मदतीच्या हिशेबात ती आंतरराष्ट्रीय. फाफ्सा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतीचा फॉर्म, भरायचा नाही. महत्त्वाचं हे, की मदत मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, ब्राऊन इथे परदेशी मुलांच्याही बाबतीत होत नाही, आणि प्रवेश दिला तर गरज पूर्ण भागवतात. पेन कॅनडाच्या अर्जदारांना हाच नियम लावतं. 'कॅनडाचे अर्जदार' यात कोण मोडतं ते पेनच्या त्या वर्षीच्या वेबपानावर वाचा. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, कोलंबिया इथे परिणाम होतो. आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चार वर्षं मागता येत नाही, त्यामुळे 'आधी प्रवेश मिळू दे, मग बघू' हा डाव अंगाशी येतो. बर्कली, यूसीएलए, मिशिगन ही सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत जवळजवळ देत नाहीत. तुमच्या उत्पन्नात ती यादीतून काढा.

तुमचे १ लाख ६० हजार कॅनेडियन म्हणजे सध्याच्या दराने साधारण १ लाख १५ हजार अमेरिकी डॉलर. मर्यादा अमेरिकी डॉलरांत असतात, हे अनेक कुटुंबं विसरतात आणि अर्जच करत नाहीत. नेहमीइतकी मालमत्ता असेल तर प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून दीड लाखापर्यंतच्या कुटुंबांना राहण्या-जेवणासकट सगळं माफ केलंय. हार्वर्ड आणि एमआयटीत २ लाखांपर्यंत ट्यूशन माफ आहे. म्हणजे प्रिन्स्टन तुम्हाला वॉटर्लूपेक्षा स्वस्त पडू शकतं. 'मालमत्ता' या शब्दाकडे लक्ष द्या. सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे खाजगी विद्यापीठांच्या मदतीसाठीच्या फॉर्ममध्ये, पुण्याचा फ्लॅट दाखवावा लागतो, भाडं येत असेल तर तेही. लपवू नका: कागदपत्रं मागवतात, आणि तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये भाडं दिसलं की फॉर्म खोटा ठरतो. पण त्याच फॉर्ममध्ये विशेष परिस्थितीसाठी जागा आहे. आई-वडिलांना पुण्याला दरमहा पैसे पाठवत असाल, त्यांच्या औषधांचा खर्च उचलत असाल, तर रकमांसह लिहा. बहुतेक जण संकोचाने लिहीत नाहीत. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा. या शनिवारी तुम्ही दोघं बसून तीन विद्यापीठांचे आकडे काढा, त्यावरून यादी करा.

आरईएसपी, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीचं कॅनडातलं अनुदानित बचत खातं, त्यातले पैसे अमेरिकेत वापरता येतात. मात्र पूर्णवेळ शिक्षणाच्या पहिल्या १३ आठवड्यांत अनुदान आणि वाढीच्या भागातून ८ हजार डॉलरच काढता येतात. तुम्ही स्वतः भरलेल्या मुद्दलाला ही मर्यादा नाही. पहिल्या सेमिस्टरची फी ऑगस्टातच भरायची असते, तेव्हा ते आधी जुळवा.

अर्ली कुठे? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांची अर्ली बांधून ठेवत नाही, फक्त दुसऱ्या खाजगी अमेरिकन विद्यापीठात अर्ली करू देत नाही. वॉटर्लू-टोरांटोचे अर्ज सोबत चालतात. ब्राऊन, डार्टमथ, पेन यांची अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं की जायचंच आणि ओंटारिओचे अर्ज मागे घ्यायचे. मदतीचा आकडा खरोखर परवडणारा नसेल तर सोडतात, पण मग इतर ठिकाणचे आकडे समोर ठेवून तुलना करायची सोय राहत नाही. तुमच्या परिस्थितीत मी बांधून घेणारी अर्ली सुचवणार नाही.

आणि पीआर, ज्याचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलाय. कॅनडाच्या नागरिकाला विद्यार्थी म्हणून जायला एफ-१ व्हिसाचा शिक्का लागत नाही. आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थ्याचा फॉर्म) आणि सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीची फी भरल्याची पावती दाखवून सीमेवर तो दर्जा मिळतो. भारतीय पासपोर्टवर पीआर असेल तर कॉन्सुलेटची मुलाखत आणि व्हिसा लागतो. त्याहून गंभीर म्हणजे पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. शिकणारं मूल वर्षाला उन्हाळा आणि ख्रिसमस धरून साधारण १२० दिवस घरी असतं, चार वर्षांत ४८०. जाण्यापूर्वीचं एक वर्ष धरलं तर पदवीपर्यंत कसंबसं भागतं. पण कॉम्प्युटर सायन्सची मुलं उन्हाळ्यात अमेरिकेतच इंटर्नशिप करतात, आणि पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, राहिली की हिशेब तुटतो. अमेरिकेत कामासाठी टीएन दर्जाही फक्त कॅनडाच्या नागरिकांनाच मिळतो, पीआरना नाही.

तुमच्यापैकी एकाचे ५ वर्षांत १,०९५ दिवस भरले असतील तर नागरिकत्वाचा अर्ज आत्ताच करा आणि मुलीचा त्याबरोबर जोडा. १८ च्या आतल्या मुलाला, पालक अर्ज करत असताना, स्वतःचे दिवस मोजून दाखवावे लागत नाहीत. १८ वा वाढदिवस उलटला की तिला प्रौढाचे नियम लागतात, आणि अमेरिकेत शिकत असताना ते दिवस भरणं कठीण. भारताचं नागरिकत्व सुटेल, ओसीआय घेता येईल, आणि पुण्याचा फ्लॅट ओसीआयवरही ठेवता येतो.

तिची जन्मतारीख तुम्ही लिहिली नाहीत. अकरावीत म्हणजे १६ किंवा १७. १७ पूर्ण झाली असेल तर एसएटीच्या नोंदणीआधी नागरिकत्वाचा हा फॉर्म भरा.